गुरुजींची ती मुलगी

माझे वडील दिवसा मास्तर होते आणि संध्याकाळी फोटोवाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं. गाव आमचं लहान, खांडबाऱ्याच्या अलीकडे, रुळाला लागून. घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत आम्ही आणि मधल्या बोळात, जिथं आधी सरपण ठेवायचे, तिथं डार्करूम. एक काळा पडदा, एक लाल बल्ब, औषधांचे ट्रे. त्या औषधांचा वास आमच्या भाकरीलाही यायचा.

स्टुडिओत मागे लावायच्या पडद्यावर समुद्र रंगवलेला होता. आमच्याकडे समुद्र कुणी बघितलेला नव्हता. डोंगराकडची एक म्हातारी फोटो काढायला आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि तिनं लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "ओहोटी आहे आजी, पाय भिजणार नाहीत." म्हातारीनं लुगडं सोडलं आणि फोटो चांगला आला. ती गेल्यावर मात्र अण्णा महिनाभर येईल त्याला ती गोष्ट सांगून हसत होते. अण्णा तसेच होते. तोंडावर त्यांनी कधी कुणाचा अपमान केला नाही.

रविवारी ते सायकलच्या दांडीला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून पाड्यांवर जायचे. पोरीला शाळेत घातलं तर आईबाप, पोर, बकरी, जे असेल त्याचा एक फोटो फुकट. लोक फोटोसाठी पोर शाळेत धाडायचे आणि पुढच्या वर्षी दुसरा फोटो मिळेल म्हणून तिला शाळेतून काढायचे नाहीत. अशा पुष्कळ पोरी शिकल्या. कुणी नर्स झाली, कुणी मास्तरीण झाली. गाव हे अजून सांगतं आणि ते खरं आहे. त्यातलं काही मी खोटं पाडायला बसलेली नाही.

मी त्यांच्याच वर्गात होते, चौथीला. पहिला नंबर माझा होता. हे बढाई म्हणून लिहीत नाही. बाकीच्या पोरी घरी मावची बोलायच्या, त्यांना मराठी पुस्तक म्हणजे परक्या मुलखातलं वाटायचं, त्यामुळे पहिलं येणं काही कठीण नव्हतं. पण गणितात भाषा आड येत नाही, आणि गणितातही मीच पहिली होते.

त्या उन्हाळ्यात आई काविळीनं गेली. भाऊ तेव्हा नुकता चालायला लागला होता. पाचवीची शाळा खांडबाऱ्याला होती, गाडीनं जावं लागायचं. अण्णा म्हणाले, "हे एक वर्ष थांब. हा जरा मोठा होऊ दे."

मी थांबले.

आई स्टुडिओत एक काम करायची, ते माझ्याकडे आलं. फोटोला बायका बसल्या की कुणाचा पदर घसरलेला, कुणाचं कुंकू पसरलेलं, कुणाची हनुवटी छातीला टेकलेली. अण्णा पुरुष माणूस, त्यांनी हात लावायचा नाही. ते कॅमेऱ्याच्या मागून सांगायचे, "पदर," "हनुवटी," "डावा खांदा," आणि मी जाऊन ते नीट करायचे. बायका मला धरून कानात विचारायच्या, "दात दाखाडू का नको?" मी सांगायचे, नका दाखवू. दात दाखवलेल्या फोटोला पुढे घरातलेच हसतात, हे मी फोटो न्यायला आलेल्या लोकांत बघितलेलं होतं.

गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे लावून फोकस बघावा लागायचा. त्यासाठी अण्णा मला स्टुलावर बसवायचे. "हलू नकोस." मी हलायचे नाही. ते किती वेळ बघत राहायचे, दिवा सरकवायचे, पुन्हा बघायचे. मला वाटायचं, त्यांना मी चांगली दिसते आहे. कॅमेऱ्यात रोल नसायचा. रोल गिऱ्हाईक आल्यावर घालायचा, वाया जायला नको म्हणून.

दुसऱ्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या वेळी मी आईनं शिवलेली शाळेची पिशवी धुऊन ठेवली होती. अण्णा ती बघून सायकल काढून शाळेला गेले. मी ती वर्षभर खुंटीला ठेवली.

त्याच वर्षी शिक्षणखात्याचे एक साहेब गावात आले. ज्या घरात मुलगी असून शाळेत जात नाही, त्या घरी जाऊन आईबापांना समजवायचं, असा तो कार्यक्रम होता. अण्णा साहेबांना घेऊन घरोघर फिरत होते. आमच्या गल्लीत एक कापूसवाला शेतकरी राहायचा, तोंडाचा फाटका. त्याच्या तीन पोरी, तिन्ही घरी. साहेबांनी त्याला सांगायला सुरुवात केली तसा तो मोठ्यानं म्हणाला, "साहेब, आमले काय सांगी ऱ्हायनात? पहिले गुरुजीसनी आंडेर मोजा ना! ती काबर घरमा बठेल शे?"

आंडेर म्हणजे मुलगी. मी दारातच होते, भाऊ कडेवर, हात ओले.

 साहेब अण्णांकडे वळले. "काय हो गुरुजी?"

अण्णा आधी हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला, पण इतकाही नाही की गल्लीला ऐकू जाऊ नये. "साहेब, आता काय सांगू. तिचं जरा कमी आहे. जन्मापासूनच. माझी म्हणून चौथीपर्यंत वर्गात बसू दिली. पुढं झेपायचं नाही तिला."

साहेब चांगले होते. ते माझ्यासमोर वाकले आणि त्यांनी विचारलं, "बाळ, सतरा आणि आठ किती होतात गं?"

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, स्टुलावर बसवल्यावर बघायचे तसेच. मी खाली बघितलं. मला मुळातच अनोळखी माणसासमोर तोंड उघडायची भीती वाटायची, त्यामुळे फार जड गेलं असं नाही. साहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तो शेतकरी पार वरमला. टोपी काढून म्हणाला, "आरे देवा. मले काय माहीत गुरुजी. तुमना घरमा आसं दुःख शे, आनि तुम्ही आमन्या पोरीसकर्ता फिरी ऱ्हायनात." दुसऱ्या दिवशी त्याच्या तिन्ही पोरी शाळेत गेल्या. अण्णांनी त्यांचा फोटो काढला. मोठीचा पदर मी नीट केला.

त्या संध्याकाळी साहेब चहा पिऊन गेल्यावर मी म्हणाले, "अण्णा, पंचवीस."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "चहाची भांडी घास."

मी घासली. मला वाटलं, साहेब गेले, झालं. गावातल्या माणसांना एखादी गोष्ट एकदा कळली की ती परत काढून घेता येत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. आठ दिवसांत पोरं मला येडी म्हणायला लागली. माझा पहिला नंबरही गुरुजींनी मायेनं दिलेला होता, असं ठरलं. दुकानदार माझ्या हातात पुडा देताना तो कशाचा आहे ते मोठ्यानं सांगायचा, साखर, साऽखर, जसं काही मी बहिरी आहे. बायका स्टुडिओत आल्या की आपापसात वाटेल ते बोलायच्या. एकीनं दुसरीला गप्प करायला माझ्याकडे डोळ्यांनी खूण केली, तेव्हा दुसरी म्हणाली, "तिले काय समजस! बोल ना तू." मग कोणाची सून कोणाकडे बघते, कोण नवऱ्याला भाकरीबरोबर काय खाऊ घालते, सगळं माझ्यासमोर. अर्ध्या गावाची भानगड मला माहीत होती आणि मी हनुवट्या वर करत होते.

साहेबांनी वर काहीतरी चांगलं कळवलं असणार, कारण पुढे अण्णांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. शाल, नारळ, भाषण. भाषणात आमच्या घराचा उल्लेख झाला असं अण्णांनीच घरी आल्यावर सांगितलं. कसला उल्लेख ते सांगितलं नाही. मला समजलं.

भावाला बाराखडी मी शिकवली. पाढेही मी म्हणून घेतले, भाकरी थापता थापता. तो शाळेत गेला तो वाचता येत असतानाच. हल्ली तो लोकांना सांगतो की अण्णांनी मांडीवर घेऊन शिकवलं. खोटं बोलत नाही तो. त्याला तसंच आठवतं.

मला स्थळं आली नाहीत असं नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातला एक विधुर आला होता, त्याच्या आईला घेऊन. माणूस बरा दिसला. बूट बाहेर काढून ते सरळ लावून ठेवले त्यानं. त्याची आई चहा पिता पिता म्हणाली, "पोर गरीब दिखस. पन गुरुजी, आम्हीन ऐकेल शे की तिन्हं डोकं..."

मी दाराच्या आड उभी होते. अण्णांनी फक्त 'तसं काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. घरात साहेब नव्हते, गल्ली नव्हती. अण्णा म्हणाले, "घरकाम सगळं येतं तिला. सांगितलेलं ऐकते."

म्हातारीनं कप खाली ठेवला. "तेवढं चालनार नही भाऊ. मन्हा पोऱ्यानं पहिलं लेकरू शे, त्याले वाढवनं शे."

ते गेले. दुसऱ्या दिवशी लग्नाची मोठी ऑर्डर होती आणि आम्ही दोघं डार्करूममध्ये होतो. लाल उजेडात अण्णांचं तोंड दिसत नव्हतं. ते गुणगुणत होते.

रंगीत फोटो आले तेव्हा डार्करूम बंद पडली, रोल धुवायला नंदुरबारला जायला लागले. मग मोबाईल आले आणि स्टुडिओच बंद पडला. अण्णा कधीच निवृत्त झाले होते. समुद्राचा पडदा मी पावसात खिडकीला लावायचे. भाऊ नाशिकला नोकरीला लागला, तिथंच त्याचं घर झालं. घरात अण्णा आणि मी. मी सगळा बाजार करायचे, वीजबिल भरायचे, त्यांच्या गोळ्या द्यायचे, त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पेपर वाचताना कुणी आलं की अण्णा हात पुढे करून पेपर घ्यायचे आणि स्वतः वाचत असल्यासारखे बसायचे. त्यांना तेव्हा मोठी अक्षरंसुद्धा दिसत नव्हती.

शेवटचं वर्ष ते अंथरुणावरच होते. बोलणं साफ होतं, डोकंही साफ होतं. जुने विद्यार्थी भेटायला यायचे. त्यात एक मुख्याध्यापिका होती, पाड्यावरची, अण्णांनी सायकलवर बसवून शाळेत आणलेली. ती माझ्या मागच्या वर्गात होती. आली की अण्णांच्या पाया पडायची आणि मग माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून म्हणायची, "ताई, जेवलीस का? पोटभर जेवलीस ना?" ती माझ्यासाठी नेहमी गोळ्या आणायची, लहान मुलांना देतात तशा, लिमलेटच्या. मनानं चांगली आहे ती. मी गोळ्या घ्यायचे.

एका दुपारी ती गेल्यावर मी अण्णांना अंग पुसायला कुशीवर वळवलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून मला बोलता आलं. म्हणाले, "अण्णा, एक मागू का? पुढच्या वेळी ती आली की तिला सांगा, मी मंद नव्हते. एकदाच सांगा. तुम्ही सांगितलं तरच लोक ऐकतील."

"काय?" अण्णा म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. साहेब, कापूसवाला, सतरा आणि आठ. त्यांनी नीट ऐकलं. मी त्यांना सरळ केलं तेव्हा ते माझ्याकडे काळजीनं बघत होते. माझा हात हातात घेतला त्यांनी. आधी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

"हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?" ते म्हणाले. "तू लहानपणापासून तशीच आहेस बाळ. त्यात तुझा काही दोष नाही. मी कधी तुला काही कमी केलंय का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. लबाडी मला ओळखता येते, जन्मभर मी लोकांची तोंडं जवळून बघितली आहेत. तिथं लबाडी नव्हती. त्यांनी ती गोष्ट इतकी वर्षं, इतक्या लोकांना सांगितली होती की आता त्यांना तीच खरी वाटत होती. खरं काय ते माहीत असलेली आम्ही दोन माणसं होतो, त्यातलं एक केव्हाच कमी झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी त्यांचे पाय पुसले, पावडर लावली. महिनाभरात ते गेले.

दिवस झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, घर बंद करू. तू आता नाशिकला चल."

"मी इथंच राहीन," मी म्हणाले.

"एकटी?"

"एवढी वर्षं कोण करत होतं सगळं?"

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "अण्णा होते ना. ते सांगायचे, तू करायचीस. तुला कळत नाही गं, एकटीनं राहणं म्हणजे काय असतं." त्याची बायको हळू म्हणाली, "वाद घालू नका त्यांच्याशी. त्यांना त्रास होतो."

शाळेत शोकसभा ठेवली होती. मी ठरवलं की तिथं बोलायचं. भाऊ माझं ऐकत नाही, पण चारचौघांचं ऐकतो, आणि त्या मुख्याध्यापिकेचं तर नक्कीच ऐकतो. तिला पटलं तर घर मला मिळेल. रात्रभर, आणि सकाळी भाकरी करतानाही, मी ती वाक्यं मनात म्हणत होते. चारच होती. मला जास्त बोलता येत नाही, म्हणून मी ती लहान ठेवली होती.

सभेला गाव लोटलं होतं. अण्णांच्या फोटोला हार होता. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. एकेक जण बोलला. शेवटी मुख्याध्यापिका उठली. ती म्हणाली, "गुरुजींनी आमच्यासारख्या पाड्यावरच्या पोरींना माणसात आणलं. आणि हे करत असताना त्यांच्या स्वतःच्या घरात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. स्वतःची लेक शिकू शकत नाही, हे दुःख गिळून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी शिकवल्या. शेवटपर्यंत त्या लेकीला सांभाळलं." बायकांनी डोळ्याला पदर लावले. माझ्या शेजारची माझा हात थोपटायला लागली.

मी उठले.  मुख्याध्यापिकेला वाटलं मला फोटोला फूल वाहायचं आहे, म्हणून तिनं माझ्या हातात फूल दिलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि माईकजवळ गेले.

म्हणाले, "मी मंद नाही. मला सगळं समजतं."

कुणीतरी मागून टाळी वाजवली. मग सगळे वाजवायला लागले. मी थांबले, कारण मला बाकीची दोन वाक्यं म्हणायची होती. टाळ्या थांबेनात. मी त्या टाळ्यांतच म्हणाले, "मला पाचवीत जायचं होतं, पण अण्णांनी जाऊ दिलं नाही." आणि मग, "मी माझ्या घरी एकटी राहू शकते." पुढच्या रांगेतल्या लोकांना ते ऐकू गेलं असणार. त्यांची तोंडं मी बघत होते. ती हसरी होती, गॅदरिंगमध्ये लहान पोर कविता म्हणून खाली उतरतं तेव्हा असतात तशी.

मुख्याध्यापिकेनं मला मिठी मारली. ती रडत होती. माईक तिच्या तोंडाजवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "बघा! चार वाक्यं! सरळ, शुद्ध चार वाक्यं! गुरुजींनी हिलासुद्धा घडवलं!"

टाळ्या पुन्हा वाजल्या. या खेपेस जास्त जोरात.

खाली उतरले तेव्हा भावानं माझा खांदा धरला. त्याचेही डोळे ओले होते. "छान बोललीस ताई. कुणी पाठ करून घेतलं?"

त्याच आठवड्यात घराला कुलूप लागलं. निघताना गल्लीतली एक म्हातारी गाडीच्या खिडकीशी आली. "जाय व माय, भाऊ देव शे तुन्हा. त्याले तरास देऊ नको." मी नाही देणार म्हणाले.

नाशिकला मला स्वयंपाकघराच्या मागची खोली दिली आहे. जेवायला वेळेवर मिळतं. कुणी वाईट वागत नाही. पहिल्याच दिवशी वहिनीनं कामाच्या बाईला माझ्यासमोर सांगितलं, "ताईंना गॅसपाशी जाऊ देऊ नका. त्यांना समजत नाही." तेव्हापासून लायटर वरच्या फळीवर ठेवतात. माझा हात तिथं पोचतो. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.